आईनं आज गाडी ओळखली नाही

गड्याहो, कापूस बोंडअळीनं खाल्ला अन् माही गाडी विकाची ठरली. बीबी गावच्या गिऱ्हाइकाची अट एकच, कंपनीतून निघाली तशी करून द्या.

गॅरेजवाल्या रहीमचाचानं इतक्या वर्षांत हौसेनं बसवलेलं सारं आज एका दुपारी काढलं. स्पॉयलर, रुंद चाकं, शेवटी तो घुमणारा सायलेन्सर.

"हा सायलेन्सर घरी नेतं का बेटा?"

"नेऊन काय करू, चाचा?"

तो आवाज वेशीत आला की आई चहा ठेवे. आज दारात हॉर्न वाजवला, तवा ती बाहेर आली. हेडलाइटच्या उजेडात डोक्यावर पदर घेत म्हणे, "कोनाकडे आले जी?"

मले उतरताच येईना. गाडी उद्या जाते हे तिले अजून माहीत नाही. कसं सांगू?