साडूंचा चौथा माणूस

देवाला नावगाव नीट सांगितलं नाही तर देवसुद्धा चुकतो, असं ठामपणे मानणारा माणूस या भूतलावर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. ते मला साडूबुवा म्हणतात. त्यात थोडा आदर आणि बरीचशी कीव असते, कारण मी पडलो घाटावरचा. दादांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. बांध वीतभर सरकलेला नुसत्या नजरेनं ओळखणारा हा माणूस गाऱ्हाणं घातल्याशिवाय स्कूटरला किक मारत नाही. गाऱ्हाणं म्हणजे राखणदार देवाला मोठ्यानं केलेली विनवणी. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. शिमग्यात, लग्नकार्यात इथं सगळेच घालतात. दादा गॅसचा सिलिंडर बदलतानाही घालतात. एकदा पालीच्या बाजारात स्कूटर बंद पडली तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि भर रस्त्यात सुरू केलं, “बा म्हाराजा, ही दोन मानसं रत्नांग्रीस जायची हायत, त्येंची वाट मोकळी कर!” आजूबाजूच्या भाजीवाल्यांनी सवयीनं ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आणि स्कूटर चालू झाली. चोक ओढल्यामुळे झाली असं मी म्हणालो, तर दादा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. दादांनी दोन कयाक घेतल्या, दोन-दोन माणसांच्या. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं खाडीत वल्ही मारायला जायचो: दादा, मी आणि माझा एक मित्र, ज्याचं औषधाचं दुकान आहे आणि ज्याचा गोळ्यांखेरीज कशावरच विश्वास नाही. धक्क्यावर गाऱ्हाणं व्हायचं. “बा म्हाराजा, आज ही चार मानसं तुज्या पान्यात उतरतायत. जशी नेतोस तशी परत काठाला लाव.” चार! पहिल्या दिवशी मी बोटांवर मोजून दाखवलं. दादांनी माझ्याकडे बघितलंही नाही. भाकऱ्या चौघांच्या यायच्या. आम्ही दोघं एका कयाकमध्ये बसायचो आणि दादा दुसरीत एकटे, मागच्या बाजूला; पुढच्या रिकाम्या जागेवर एक लाइफ जॅकेट नीट बकल लावून बसवलेलं असायचं. औषधवाला म्हणायचा, “शेतं बरोबर मोजली असतील ना रे यांनी?” आम्ही पोट धरून हसायचो. त्या रिकाम्या जॅकेटकडे बघायचं मात्र मी टाळायचो, हेही खरं.

हसणं बंद झालं ते बायकोनं सांगितल्यावर. चाळीसेक वर्षांपूर्वी दादा आणि त्यांचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ याच खाडीत होडी घेऊन कालवं, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायला गेले होते. वळणावर होडी उलटली. दादा पोहून बाहेर आले. धाकटा सापडला नाही. सापडला नाही म्हणून गेला असं म्हणायचं नाही, हा दादांचा हट्ट. त्याचं दिवसकार्य झालं नाही, पितृपक्षात त्याचं पान कधी वाढलं गेलं नाही. त्या दिवशी घाईत गाऱ्हाणं घालायचं राहिलं होतं, एवढंच ते म्हणतात.

पौषातला एक रविवार होता. खाडीवर धुकं इतकं दाट की समोरचा जांभ्याचा कडा दिसेना. दादांनी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं. आम्ही दोघं ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो. आणि मग, आमचं म्हणून संपल्यावर, पलीकडच्या खारफुटीच्या कांदळवनातून आणखी एक आवाज आला. “व्हय म्हाराजा.”

“कड्यावरून आला परत,” औषधवाला लगेच म्हणाला. पाच वर्षं त्याच धक्क्यावर आम्ही ओरडत होतो, कडा कधी बोलला नव्हता. शिवाय ओरडलो आम्ही दोघं, आणि परत आलेला आवाज एकाचा होता, कोवळा. दादांनी कयाक पाण्यात ढकलली आणि असे सुटले की आम्हाला त्यांच्यामागे धाप लागली.

होडी उलटली होती त्या वळणावर पोचेपर्यंत सुकती लागली होती. भरतीचं पाणी उतरू लागलं की तिथे छातीएवढा चिखल उघडा पडतो. वल्हं टेकवलं तर अख्खं आत जातं. दादा कांदळातल्या एका चिंचोळ्या फाट्यात शिरले होते. ते गाऱ्हाण्याची एक ओळ म्हणत, आतून उत्तर येई. पुढची ओळ म्हणत, उत्तर आणखी आतून येई. मग त्यांची कयाक चिखलाला लागली, आणि ते अंगावरच्या जॅकेटची बकलं सोडू लागले. त्यांना उतरून चालत जायचं होतं.

“दादा, मागं फिरा!” मी तीनदा ओरडलो. त्यांनी एक पाय बाहेर टाकला. तेव्हा मी, ज्याला धड आरतीही पाठ नाही, आयुष्यात पहिल्यांदा गाऱ्हाणं घातलं. “बा महाराजा, मोजणाऱ्याची चूक झाली. आम्ही चार नाही, तीनच माणसं आलोय. एक औषधवाला, एक घाटावरचा, आणि एक थोरला भाऊ. त्याचा धाकटा इथं गेला, महाराजा. गेला. तिघं आलोय, तिघांना परत ने.”

औषधवाल्याचा आवाज फुटला, “व्हय म्हाराजा.” मीही म्हणालो. दादांचा एक पाय अजून बाहेरच होता. चिखलात बुडबुडे फुटत होते, तेवढंच ऐकू येत होतं. पाणी बोटभर आणखी उतरलं असेल. मग कुणीतरी अगदी हळू ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं. ते दादा होते. त्यानंतर आम्ही तिघंही कान देऊन थांबलो. कांदळातून काही परत आलं नाही.

आम्ही त्यांना दोरी टाकून ओढून काढलं. पुढच्या पितृपक्षात धाकट्याचं पान वाढलं गेलं. दादा सुधारले आहेत. आता सिलिंडर मुकाट्यानं बदलतात. “साडूबुवा, आताशा झोप लागते मला,” असंही एकदा म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं. रविवारी आम्ही अजून जातो. दादा देवाला तीन माणसं सांगतात. मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो आणि वल्हं पाण्यात घालण्याआधी थोडा थांबतो. एका माणसाला मी त्या दिवशी परत आणलं, हे खरं. पण एक सतरा वर्षांचा मुलगा, दर रविवारी आपल्याला मोजतात म्हणून तिथं वाट बघत थांबलेला असेल, तर त्याला ‘तू आमच्यातला नाहीस’ असं सांगणारा मीच, आणि ते मला काही केल्या पचत नाही.