पाच पाठी, एक खोकं

हातात काही आलं की सिस्टर ते आधी तळहातावर तोलायच्या. कोथिंबिरीची जुडी असो, वाण्याकडची साखर असो, नाहीतर शेजारचं तान्हं मूल. डोळे बारीक करायच्या, हात दोनदा खालीवर हलवायच्या आणि वजन जाहीर करायच्या. आकडा बहुतेक वेळा चुकायचा. वाण्याकडे खरं वजन निघालं की त्या काट्याकडे रागानं बघत म्हणायच्या, "काटा खोटा आहे."

वाण्यानं मध्यंतरी नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. तोही आला त्याच दिवशी खोटा ठरला.

धंतोलीच्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डात त्यांनी उभी हयात काढली होती. तोलायची सवय तिथली. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला गेली, तरी गल्लीसाठी त्या सिस्टरच राहिल्या. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. कॉलेजात शिकवतो आणि घरी कॉम्प्युटर आहे, म्हणजे मला भरपूर वेळ असतो, असं गल्लीचं ठाम मत होतं.

तुम्हीही असं माणूस कुठेतरी पाहिलं असेल, ज्याच्याकडे सगळे आपापलं ओझं आणून ठेवतात. गावाला जाणाऱ्यांच्या घराच्या किल्ल्या सिस्टरकडे. कोणाच्या सासऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यायचं तर सिस्टर सोबत. भाजीची पिशवी घेऊन कोणी जिन्यात टेकलं की खालून आवाज यायचा, "दे इकडं, मी आहे नं." आणि लोकही द्यायचे. मीसुद्धा द्यायचो. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्यांच्यासोबत सकाळी फिरायला जाणाऱ्या चार बायका होत्या. त्यातल्या उमरेडच्या वहिनी सगळ्यात जवळच्या. त्यांच्या सासरी पूर्वी हातमाग होता, आता त्या गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान चालवायच्या. दुसऱ्या बँकवाल्या काकू, म्हणजे यजमान बँकेत होते. उरलेल्या दोघी सख्ख्या जावा. या पाचजणी फुटाळा तलावावर फिरता फिरता सेमिनरी हिल्सवर चढू लागल्या, तिथून रामटेकचा गड झाला, आणि एक दिवस सिस्टरनी चहा पिता पिता जाहीर केलं, "हिमालयात जायचं आहे."

मी म्हटलं, "जा की. तिकडे सामान वाहायला खेचरं मिळतात."

"खेचर नाही पाहिजे. माह्यं सामान माह्या पाठीवर." त्या जरा थांबल्या. "जन्मभर दुसऱ्याइचंच उचललं गा. एकदा आपलं आपण उचलून पाहायचं आहे."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला थट्टा सुचली नाही.

अडचण पाठीची होती. बाजारातल्या ट्रेकिंगच्या बॅगा सहा फुटी पुरुषांसाठी बेतलेल्या. सिस्टर जेमतेम पाच फूट. बॅग पाठीवर घेतली की पट्टा कमरेऐवजी मांड्यांवर यायचा. शेवटी माझ्या कॉम्प्युटरवर परदेशातल्या एका दुकानाची साइट सापडली. बुटक्या बायकांच्या पाठीला बेतलेल्या, फुलासारख्या हलक्या बॅगा, रुंद पावलांचे बूट, आणि वर सेल. उमरेडच्या वहिनींनी व्हरांड्यात टेप काढून पाचही जणींच्या पाठी मोजल्या. बँकवाल्या काकू श्वास रोखून उभ्या राहिल्या, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पोट नाही मोजून राहिली मी, काकू. सोडा."

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात या पाचजणी कळमन्याच्या बाजारातून भिवापुरी मिरचीचं पोतं आणायच्या. पोतं एक, पावती एका नावाची, गाडीभाडं एकदाच. मग सिस्टरच्या व्हरांड्यात चादर पसरून मिरचीचे पाच ढीग घालायचे आणि वाटे करायचे. तूरडाळीचं तसंच, गव्हाचं तसंच. परदेशी दुकानाचा पाठवणीचा खर्च खोक्यामागे होता हे कळल्यावर, पाचजणींचं सामान सिस्टरच्या एकट्या नावावर एकाच खोक्यात मागवायचं, यावर चर्चासुद्धा झाली नाही. ते उघडच होतं.

पैसे भरण्याआधी मी त्यांना खालची बारीक ओळ वाचून दाखवली. आयात शुल्क खरेदीदाराला भरावं लागेल, असं तिथे लिहिलं होतं.

"भरू नं," सिस्टर म्हणाल्या. "चुंगी असन थोडीबहुत."

नाक्यावर ट्रक थांबायचे, ड्रायव्हर खाली उतरून काही देऊन यायचा, ती जुनी चुंगी, म्हणजे जकात, त्यांच्या डोळ्यासमोर होती. खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यासमोर त्याहून फार वेगळं काही नव्हतं.

खोकं आलं नाही, मेसेज आला. माल मुंबईला अडवला आहे. एका व्यक्तीच्या नावावर पाच बॅगा आणि पाच जोड बूट, म्हणजे हा व्यापार दिसतो. आयातीचा परवाना दाखवा, नाहीतर खुलासा करा. खुलासा कोणाला करायचा ते मात्र लिहिलेलं नव्हतं. हेल्पलाइनवर गाणं वाजायचं आणि फोन कटायचा. शेवटी कळलं की कुरिअर कंपनीचं गोदाम शहराबाहेर वाडीला आहे आणि तिथे निदान बोलायला माणूस बसतो.

सिस्टर म्हणाल्या, "चला." मला वाटलं आम्ही दोघं जाऊ. खाली उतरलो तर पाचही जणी ठेवणीतल्या साड्या नेसून तयार.

अमरावती रोडला लागून त्या गोदामांच्या रांगा. ट्रक मागे घेणारे क्लीनर, धूळ, डिझेलचा वास. त्यातून आमची वरात निघाली. काउंटरवर एक तरुण क्लार्क होता, स्वभावानं गरीब. त्यानं स्क्रीन बघितली आणि तेच सांगितलं. एक नाव, पाच बॅगा.

"पण पाठी पाच आहेत नं," सिस्टर म्हणाल्या. मग मागे वळून, "पाठी दाखवा वं."

आणि खरोखर चौघी पाठमोऱ्या झाल्या. मग सिस्टरही झाल्या. वजनाच्या काट्यावर खोकी चढवणारे हमाल थांबून बघायला लागले. क्लार्क लाजून उभा राहिला. "मॅडम, तुमचं पटून राहिलं मले," तो म्हणाला, "पण खोक्याले पाठ नसते. खोक्याले नाव असते."

तरी पोरगा भला होता. त्यानं पाचही जणींची आधारकार्डं घेतली, त्यांचा पाठमोरा फोटो काढला आणि सगळं मुंबईला पाठवलं. त्या फोटोकडे तिथल्या साहेबानं कसं पाहिलं असेल, याचा मी अजूनही अधूनमधून विचार करतो. काही दिवसांनी उत्तर आलं. माल घरगुती वापराचा मानला, परवाना लागणार नाही. मात्र शुल्क, त्यावर कर, कुरिअरची हाताळणी फी आणि इतक्या दिवसांचं गोदामभाडं, असं सगळं ज्यांच्या नावावर खोकं आहे त्यांनी भरायचं. बेरीज मालाच्या किमतीच्या जवळ गेली होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तो कागद घ्यायला वाडीला आम्ही दोघंच गेलो होतो. परतताना सिस्टरनी स्कूटर चहाच्या टपरीपाशी थांबवायला लावली. ग्लास हातात घेतला, पण तोलला नाही.

"भरून टाकते मी," त्या म्हणाल्या. "हिमालयाचे ठेवले आहेत नं, त्यातून होते."

"मग तुम्ही कशा जाणार?"

"गुडघा दुखते म्हणून सांगते त्याइले. चौघी जातीन. तू बोलू नको गा."

"पण काहून? वाटून घ्या नं सगळ्या." मी एरवी काहून म्हणत नाही. रागात निघून गेलं.

"माह्या नावावर आहे नं खोकं. मीच म्हटलं होतं, मी आहे म्हणून. वहिनीनं कसे पैसे जमवले, मले मालूम आहे. तिले सांगितलं तर ती जाणारच नाही."

मला फार राग आला. कुरिअरवाल्यांचा नाही, सरकारचाही नाही, सिस्टरचा. एवढ्या वर्षांनी एक गोष्ट स्वतःसाठी मागितली होती, आणि तीही त्या आता दुसऱ्यांच्या पाठीवर बांधून देणार होत्या. संध्याकाळी सरळ उमरेडच्या वहिनींच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगून टाकलं. गुपित फोडल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वहिनींनी ऐकून घेतलं, मशीनवरचा ब्लाउज पूर्ण केला, दोरा तोडला आणि दुकान बंद केलं. तासाभरात सगळ्या सिस्टरच्या व्हरांड्यात हजर. सिस्टरनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेवरून वॉर्डातल्या शिकाऊ नर्सेसचे काय हाल होत असतील ते समजलं.

वहिनींनी आवाज चढवला नाही. "सिस्टर, पोत्यातून मिरची निघते तशे देठ निघतात, माती निघते. पोतं कमी भरते. ते तूट कोणाच्या वाट्याले जाते?"

सिस्टर पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"सांग नं. इतके वर्ष तूच वाटे करून राहिली."

"सगळ्याइच्या," सिस्टर म्हणाल्या.

"मंग आताच काहून एकटीच्या?"

बँकवाल्या काकूंनी पदरानं डोळे पुसले. त्या सीरियल बघतानाही पुसतात, त्यामुळे मी तिकडे फार लक्ष दिलं नाही. पण सिस्टर मान खाली घालून आपल्या रिकाम्या तळहाताकडे बघत बसल्या होत्या, ते मात्र मला बघवलं नाही.

तूट पाच ठिकाणी वाटली, तीही जेमतेम जमवलेल्या पैशांतून. त्यात हिमालय सगळ्यांचाच बुडाला. "हिमालय कुठं पळून चालला," वहिनी म्हणाल्या. "महादेवाले जाऊ."

महादेवाला म्हणजे पचमढीच्या चौरागडावर. आमच्या भागातले लोक नवस फेडायला तिथे खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात. या पाचजणी परदेशी बॅगा घेऊन निघाल्या. जीपवाल्याशी हुज्जत घालायला एक पुरुष असावा असं बँकवाल्या काकूंच्या यजमानांना वाटलं, म्हणून मीही. हुज्जत अर्थातच सिस्टरनी घातली.

चढ सुरू झाला. पायऱ्या, दगड, पुन्हा पायऱ्या. नवसाचा लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "माय, ह्या पिशव्या कुठच्या वं?" सिस्टर ताठ होऊन म्हणाल्या, "विदेशातल्या. चुंगी भरून आणल्या."

अर्ध्या वाटेवर उमरेडच्या वहिनींना धाप लागली. त्या कठड्याला टेकल्या. सिस्टर पुढे होत्या, त्या वळल्या, दोन पायऱ्या खाली आल्या आणि त्यांचा हात आपोआप वहिनींच्या बॅगेच्या पट्ट्याकडे गेला. "दे इकडं. मी..."

वहिनींनी पट्टा घट्ट धरला. "नाही देत."

"अवं, धाप लागली तुले."

"लागू दे. बसीन जराशी, मंग चढीन. ज्याचं त्याच्या पाठीवर. तू हो पुढं."

सिस्टरचा हात हवेत राहिला. त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. जावा आपापले पट्टे आवळत होत्या. बँकवाल्या काकू, ज्यांनी आयुष्यात कधी कोणाला पिशवी दिल्यावाचून जिना चढला नव्हता, त्या देखील लालबुंद चेहऱ्यानं आपली बॅग पाठीवर सावरून उभ्या होत्या. हे आधी ठरवलं होतं हे मला तेव्हा कळलं.

सिस्टर वळल्या आणि चढू लागल्या. एकदाही मागे न बघता चढल्या.

आम्ही वर पोचलो तेव्हा त्या एका दगडावर बसल्या होत्या, पाठीवर बॅग तशीच. वारा भरपूर होता आणि खाली दूरपर्यंत जंगल. मी म्हटलं, "उतरवा आता, किती वेळ वागवता?"

"राहू दे गा," त्या म्हणाल्या. "माह्यं आहे."

गेल्या हिवाळ्यात सिस्टर आजारी पडल्या. धंतोलीच्या त्याच हॉस्पिटलात, त्यांच्या जुन्या वॉर्डाच्या दोन मजले वर. मी भेटायला गेलो तेव्हा बोलायची ताकद फारशी नव्हती. मी हात पुढे केला. त्यांनी तो आपल्या तळहातावर घेतला, डोळे बारीक केले, हळूच खालीवर हलवला. "उतरला तू," म्हणाल्या. "जेवत जा." मी खाली येऊन स्कूटरपाशी उभा राहून रडलो. त्यानंतरच्या आठवड्यात त्या गेल्या.

यंदाही मिरची आली. सिस्टरचं घर मुलीनं भाड्यानं दिलंय, म्हणून आता चादर वहिनींच्या दुकानापुढे पसरतात. चौघी बसल्या, देठ खुडले, माती पाखडली, आणि बोलता बोलता ढीग घातले. घालून झाल्यावर सगळ्यांचे हात थांबले. ढीग पाच पडले होते.

धाकटी जाऊ म्हणाली, "आता चारच नं वं." मग वहिनींनी पाचवा ढीग कापडी पिशवीत भरला आणि बाजूला उभं राहून पाहणाऱ्या मला हाक मारली. "ये गा इकडं. घेऊन जा हा."

मी पिशवी घेतली. का कोण जाणे, तळहातावर ठेवली, हात दोनदा खालीवर केला. "दोन किलो," मी म्हटलं.

वहिनींनी ती काट्याला लावली. बरीच कमी भरली. त्या काट्याकडे बघत राहिल्या, मग पिशवी काढून माझ्या हातात परत दिली.

"काटा खोटा आहे," त्या म्हणाल्या.