शनिवारची दुसरी प्रत

पृथ्वी उद्या बुडाली, तर तिची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे हे फक्त आमच्या साडूंना ठाऊक असेल. शिवाय ती प्रत त्यांनी महिनाअखेरीला तपासूनही ठेवलेली असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे नागपूरचे. चंडीगडच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात संगणकांचं जाळं सांभाळायला म्हणून आले आणि बदलीच्या अर्जांवर अर्ज करत अकरा वर्षं इथेच राहिले. मी इथल्या विद्यापीठात वनस्पतीशास्त्र शिकवत होतो. परमुलखात साडू म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा, असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पण म्हणायला हरकत नाही.

त्यांच्याकडे सगळ्या वस्तू दोन. चष्मे दोन, छत्र्या दोन, घराच्या किल्ल्यांचे जुडगे दोन, आणि लग्नाच्या फोटोंचा दुसरा संच आमच्या कपाटात. कुठलाही बदल करायचा तर आधीची स्थिती जपून ठेवल्याशिवाय करायचा नाही, हा त्यांच्या खात्याचा नियम त्यांनी संसारालाही लावला होता. सोफा हलवायचा झाला तर आधी त्याच्या पायांभोवती खडूने रेघा मारत. एकदा मेहुणीबाई आमटीत गुळाचा खडा टाकायला निघाल्या, तेव्हा यांनी धावत जाऊन वाटीभर आमटी बाजूला काढली. "बिघडली तर मागं जाता आलं पाहिजे ना जी!" गूळ थोडा जास्तच झाला हे खरं, पण त्या एका वाटीत चार माणसांनी काय जेवायचं?

लायसन्स हा दुसरा हळवा विषय. साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा अथपासून इतिपर्यंत वाचणारा हा माणूस, सॉफ्टवेअरच्या खोक्यातलं बारीक टायपातलं करारपत्र भिंग घेऊन वाचत असे. त्यांच्या हाताखालचा पंजाबी इंजिनिअर म्हणायचा, "सर जी, सब चलता है." हे म्हणायचे, "नहीं जी, नहीं चलता." हा संवाद त्या दोघांत दिवसातून दहादा होई. रुग्णालयातला सगळा कारभार ज्याच्यातून जायचा, त्या मुख्य राउटरची लायसन्सची किल्ली बत्तीस अक्षरांची होती. शून्य ते नऊ आकडे, ए ते एफ अक्षरं, आणि त्यांची वाटेल तशी सरमिसळ. ही किल्ली पोटात असली तर तो राउटर साऱ्या विभागांना जोडून देई, नसली तर मोजून दहा संगणकांना. ती किल्ली कागदावर उतरवायला साडूंची सक्त मनाई. कागदाला पाय फुटतात म्हणे. राउटरच्या सगळ्या मांडणीचा छापील कागद फायलीत होता, पण त्यातली किल्लीची ओळ त्यांनी काळ्या शाईने खोडून टाकली होती.

किल्ली होती ती दोन फ्लॉप्यांवर. एक कचेरीच्या कपाटात आणि दुसरी आमच्या घरी. एका छपराखाली दोन प्रती ठेवायच्या नाहीत, हा नियम. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला साडूंची स्कूटर आमच्या दारात थांबे. आल्या आल्या जुनी फ्लॉपी खिशात, नवी फ्लॉपी माझ्या हातात, आणि "प्रोफेसर, जपून ठेवा बरं" हे वाक्य. हे काम अर्ध्या मिनिटाचं. मग चहा, पोहे, पुन्हा चहा, माझ्या कुंड्यांची पाहणी, नागपूरच्या संत्र्यांपुढे इथल्या किन्नूची निंदा, असं करत आठ वाजत. मी बायकोजवळ कुरकुर करायचो, की रुग्णालयाची तिजोरी आपल्या घरात कशाला? पण एखाद्या शनिवारी सव्वापाच झाले की गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघणाराही मीच असे.

अकराव्या वर्षी त्यांनी आणखी एक खूळ काढलं. त्यांची मुलगी दहा वर्षांची. मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत. दिवेलागणीला ती श्लोक आणि पाढे म्हणायची, म्हणजे परवचा. त्या परवच्यात साडूंनी राउटरची किल्ली घातली! आठवड्याला आठ अक्षरं, अशी महिन्यात बत्तीस. पोरीने श्लोकाचीच चाल लावली आणि हात जोडून, डोळे मिटून ती आकडे-अक्षरं म्हणू लागली. मेहुणीबाईंनी कपाळाला हात लावला. आम्ही महिनाभर हसलो.

आणि मग तो रविवार आला.

साडूंची नागपूरला बदली अखेर मंजूर झाली होती. तिथे त्यांची आई एकटी. एक डोळा गेलेला, दुसरा चाललेला, मुलाची पत्रं शेजारीण वाचून दाखवायची. हुकूम हातात होता, पण रुग्णालयाच्या प्रशासकांनी अट घातली: राउटरवर नवं सॉफ्टवेअर चढवून द्या, मगच मोकळे करतो. रविवारी सकाळी नऊ ते दुपारी चार एवढी मुभा. चारला सगळं सुरू झालं तर सोमवारी सुटका. नाही झालं तर हुकूम दप्तरात परत, आणि नागपूरच्या त्या जागेवर डोळा ठेवून बसलेला दुसरा माणूस तयारच होता.

साडेअकराला माझा फोन वाजला. साडू नव्हते, तो इंजिनिअर होता. "प्रोफेसर साब, वो फ्लॉपी लेके आ जाओ जी, जल्दी." मी फ्लॉपी उचलली आणि निघालो.

यंत्रांच्या त्या गार खोलीत साडूंच्या कपाळावर घाम होता. जुनं सॉफ्टवेअर पुसून नवं चढवताना राउटरच्या आतलं साठवणीचं कार्डच मेलं होतं. जादा कार्ड त्यांच्याजवळ होतं, अर्थातच दोन. सॉफ्टवेअर सीडीवरून पुन्हा चढत होतं, मांडणी छापील कागदावरून टाइप होत होती. पण किल्ली मेलेल्या कार्डाबरोबरच गेली होती. कचेरीतली फ्लॉपी त्यांनी माझ्यापुढे धरली. पावसाळ्याच्या दमटपणाने आतल्या चकतीवर पांढुरके ठिपके उमटले होते. बदलीच्या आवराआवरीत त्या महिन्याची तपासणी तेवढी राहून गेली होती. बुरशी आहे, एवढं मी वनस्पतीशास्त्राच्या अधिकाराने सांगितलं. त्यापलीकडे माझ्या विद्येचा उपयोग नव्हता.

मग माझी फ्लॉपी घातली. यंत्र कुरकुरलं आणि गप्प झालं. पुन्हा घातली, पुन्हा तेच.

"रखते कहाँ थे जी?" इंजिनिअरने विचारलं.

"स्पीकर के ऊपर," मी म्हणालो. उन्हाळ्यात हौसेने घेतले होते, चांगले गुडघाभर उंचीचे.

इंजिनिअरने डोळे मिटले. "उसमें इतना बड़ा चुंबक होता है, साब."

एका म्हातारीचा मुलगा मी गाण्यांच्या नादात अडकवून ठेवला होता. साडूंनी मात्र ती फ्लॉपी नुसती बाजूला ठेवली. ते किल्ली आठवत होते. पहिली सोळा अक्षरं धडाधड आली, पुढे गाडी अडली. तीनदा टाइप केली, तीनदा राउटरने नाकारली. नवी किल्ली मागवायची तर कंपनीची दिल्लीची कचेरी रविवारची बंद, आणि उघडी असती तरी पत्रव्यवहारात आठवडा गेला असता.

"पोट्टी!" ते एकदम ओरडले. "पोट्टीला येते!"

पण पोरगी होती मैत्रिणीच्या आजोबांच्या शेतावर, शहराबाहेर मुल्लानपूरला. तिथे फोन नाही. एक वाजून गेला होता. "मी आणतो," म्हणालो आणि स्कूटरला लाथ मारली. तेव्हा मुल्लानपूर म्हणजे नुसती गावं आणि शेतं. चार ठिकाणी चौकशी केली, दोनदा चुकलो, एकदा म्हशींच्या कळपात अडकलो. शेत सापडलं तेव्हा सव्वातीन झाले होते. तिला घेऊन रुग्णालय गाठून चारच्या आत सगळं सुरू करणं अशक्यच. तिला पाठीमागे बसवून मी गावातल्या टेलिफोन बूथवर नेलं आणि यंत्रांच्या खोलीचा नंबर फिरवला.

"बोल बाळा, किल्ली बोल."

तिने बूथवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, बाबा ने बोला है किसी के सामने नहीं बोलना."

मी हात जोडले. बूथवाल्या सरदारजींना बाहेर जायची विनंती केली. ते बिचारे गेले. पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आप भी जाओ."

मी बाहेर उभा राहिलो, काचेकडे पाठ करून, कानांवर तळवे दाबून. तरी ती चाल झिरपत होतीच. मध्येच ती थांबली आणि दार उघडून रागाने म्हणाली, "काका, बाबा बीच में बोलते हैं! अब फिर शुरू से बोलना पड़ेगा." मी आत वाकून रिसीव्हरमध्ये ओरडलो, "दादा, तोंड बंद ठेवा!" आयुष्यात मी त्यांना एवढ्या मोठ्या आवाजात काही बोललो नव्हतो. दार लागलं. पुन्हा पहिल्यापासून. घड्याळात पावणेचार. माझ्या ओठांवर न कळत कुलदैवताचं नाव आलं, आणि कुलदैवताला राउटर म्हणजे काय हे कसं समजवावं, असाही एक विचार येऊन गेला.

तिने मला आत बोलावलं. फोनमध्ये कळफलकाची टकटक. मग इंजिनिअरची आरोळी, "आ गया जी! सब आ गया!" आणि मागोमाग साडूंचा आवाज, थोडा ओला. "प्रोफेसर, पोट्टी जेवली का जी?"

सोमवारी ते मोकळे झाले. शनिवारी सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावर आम्ही त्यांना निरोप द्यायला गेलो. दिल्लीपर्यंत बस, पुढे रेल्वे. बहिणी-बहिणी गळ्यात पडून रडत होत्या. मी साडूंना बाजूला घेतलं. आठवडाभर मनात सलत होतं ते बोलून टाकलं. "दादा, माझ्यामुळे तुमचं जाणं हुकलं असतं. मला माफ करा."

ते जोडे न्याहाळत राहिले. "मला माहीत होतं," म्हणाले. "उन्हाळ्यापासून तुमच्याकडून परत आलेली एकही फ्लॉपी वाचता येत नव्हती. मी प्रत्येक तपासून पाहत होतो ना."

"मग सांगितलं काहून नाही?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"सांगितलं असतं तर दुसरी प्रत दुसरीकडे ठेवावी लागली असती. नियम आहे. मग शनिवारी तुमच्याकडे कशासाठी यायचं?" त्यांनी पोरीकडे पाहिलं. "म्हणून तर पोट्टीला शिकवून राहिलो होतो."

उभ्या जन्मात त्यांनी मोडलेला हा एकच नियम असावा. त्यासाठी त्यांनी आपलं नागपूर पणाला लावलं होतं, आणि मी त्यांच्या चहाच्या कपांचा हिशेब करत कुरकुरत होतो. मला रडू आवरेना. बस सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. हातात एक नवी कोरी फ्लॉपी होती.

"ही ठेवा जपून."

"यात काय आहे?"

"काही नाही जी. पण तपासायला यावं लागेल मला."

बस वळणावरून दिसेनाशी झाली. पाच वाजले होते. पुढे त्यांच्या आईचं दुखणं वाढलं, पोरीचं शिक्षण आलं, आणि चंडीगडला येणं दर वर्षी पुढच्या वर्षावर गेलं. आता ती फ्लॉपी वाचणारं यंत्रही मिळत नाही. मी मात्र ती मुद्दाम स्पीकरवरच ठेवली आहे. बिघडली असेल, तर तपासायला त्यांना यावंच लागेल.