बियाण्याचं सोयाबीन आणि हार्वेस्टर

आमच्या घरात सोयाबीनचं बियाणं विकत आणत नाहीत. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते, दरवर्षी नाल्याकाठचा एक तुकडा बियाण्यासाठी वेगळा ठेवतात. तो हातानं कापायचा, उन्हात कडक वाळवायचा आणि काठीनं हलकेच झोडपायचा. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक असतं. जास्त मार बसला की दाणा दिसतो चांगला, पण उगवत नाही. मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावात लोक त्यांना यावरून चिडवतात.

यंदा मजूरच मिळेनात. नवरा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात, वावर माझ्या अंगावर, आणि आभाळ रोज भरून यायचं. मी म्हटलं, बियाण्याचा तुकडाही हार्वेस्टरनं काढू. मामाजींनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मग एकदा जेवताना म्हणाले, "काढ. पण उगवलं नाही तं पुढच्या साली काय पेरशीन, मायं डोस्कं?"

गावात दोन हार्वेस्टर आले होते. मी तशी संशयी बाई. दोन्हींच्या मागं वावरात हिंडले, भुसा चिवडला, टाकीत हात घातला. पहिल्यानं सोयाबीनचं वावर साफ केलं होतं, पण टाकीत निम्मे दाणे फुटून डाळ झालेले. दुसरा शेजाऱ्याचा मका काढत होता. एक दाणा फुटलेला नाही. मी दुसरा ठरवला आणि स्वतःवरच खूश झाले. मका वेगळा, सोयाबीन वेगळं, हे या शहाणीच्या डोक्यात काही आलं नाही.

मामाजींनी भर दुपारची वेळ धरायला लावली. शेंग कडक झाल्याशिवाय मळायची नाही, हा त्यांचा नियम, आणि मीही मान हलवली. पहिल्या फेरीला मशीनच्या मागून न फुटलेल्या शेंगाच शेंगा पडल्या.

"पाह्य, अर्धं तं वावरातच पडून राहिलं," मामाजी बांधावरून म्हणाले.

ड्रायव्हर पंजाबचा. "बहनजी, अभी मक्के की सेटिंग है," म्हणाला. कणीस जाडं, म्हणून आतला ड्रम सावकाश फिरत होता आणि ड्रम अन् जाळीतली फट मोठी होती. त्यानं फट आवळली, ड्रमचा वेग चांगलाच वाढवला. पुढच्या फेरीला शेंगा फुटल्या आणि दाणेही. टाकीत हात घातला तर मुठीत डाळ. मी मशीनसमोर जाऊन हात आडवे केले.

"बंद करो."

"सब का ऐसे ही निकलता है."

"सब को बेचना है. हमको बोना है."

तो वैतागून पाणी प्यायला उतरला. मी एक दाणा दाताखाली धरला, तो कर्रकन फुटला. तेव्हा उजेड पडला. काठीला कडक शेंग लागते. मशीनच्या मारात तोच कडकपणा दाण्याच्या जिवावर उठतो. मी मामाजींना म्हटलं, "आपलंच चुकलं. उरलेलं उद्या सकाळी काढू, दव उडालं की लगेच."

"अन् रातीत पाणी आलं तं?"

"आलं तर शिव्या मले द्या."

पाऊस आला नाही, देवाची कृपा. सकाळी शेंगा जरा मऊ होत्या. ड्रायव्हर ड्रमचा वेग थोडाथोडा कमी करायचा, फट जराशी सोडायचा, आणि दर फेरीला मी मागचा भुसाही बघायची अन् टाकीही. शेवटी टाकीत अख्खा दाणा आला. मागं काही शेंगा सुटत होत्या, त्या मामाजी वेचत होते.

दाणे सावलीत वाळल्यावर मामाजींनी उगवतात का ते बघायला त्यातले थोडे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडले, गुंडाळी केली आणि आपल्या खाटेजवळ ठेवली. कुणाला हात लावू देईनात. मला घास गोड लागेना. घरचं बियाणं माझ्या हातून बुडालं, असं गावभर झालं असतं.

एका सकाळी त्यांनी हाक मारली. गुंडाळी माझ्यासमोर उलगडली. ओळीच्या ओळी पांढऱ्या मोडांच्या, मध्येच एखादा दाणा तसाच. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच फतकल मारून बसले आणि रडायलाच लागले.

मामाजी मोडांवरून बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता बियाणं तुयंच. मले इचारत नको बसू."