तांबड्या छत्रीची कुंची

बनुबाईची दोन पोरं वर्षाची व्हायच्या आत गेली होती. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा आंबेनळी घाटाखालच्या आमच्या वाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी सल्ला. त्यातला सुंदराबाई सुईणीचा तेवढा सगळ्यांना पटला: पोराचं नाव धोंडू ठेवायचं, आणि त्याच्या अंगावर पहिलं कापड घालायचं ते दुसऱ्याच्या दारात पदर पसरून मागून आणलेलं. मागत्याच्या पोराकडे मरण वळून बघत नाही म्हणतात.

पण बनुबाई मुलखाची मानी. शेजारी चिमूटभर मीठ मागायलाही ती कधी गेली नव्हती. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता आठवा लागला. पौषात रानात काटक्या वेचताना तिला ती पेटी दिसली. पांढऱ्या पुठ्ठ्याची, आत तारा, वर दोरीला बांधलेली तांबडी कापडी छत्री आणि तिच्याही वर फाटक्या रबराच्या चिंध्या.

शाळेतल्या गुरुजींनी पेटीवरची चिठ्ठी वाचली. म्हणाले, "हवामान खात्याची आहे. मोठ्या फुग्याला बांधून आभाळात सोडतात. आपल्या डोंगरांवर वारा किती, गारठा किती, ते मोजायला वर कोण जाणार? ही पेटी वरूनच बिनतारी कळवते. फुगा फुटला की या छत्रीनं खाली येते. सापडेल त्यानं पोस्टात द्यावी, असं लिहिलंय." घ्या! सरकारला आमच्या डोक्यावरच्या हवेची एवढी काळजी, आणि ओढ्यावर साकव बांधा म्हणून केलेल्या अर्जांचा पत्ता नाही.

बनुबाईनं पेटी पोलादपूरच्या पोस्टात नेऊन दिली. छत्री घरीच ठेवली. पोस्टाच्या खिडकीशी उभी असताना 'छत्री ठेवू का?' असं अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. कापड मऊसूत होतं, कुणापुढं हात न पसरता आपसूक आलं होतं. कात्री न लावता, चुण्या घालून तिनं त्याची कुंची शिवली.

"कुणाकडनं मागलंस गो?" सुंदराबाईनं विचारलं.

"मागलं एकीकडनं," बनुबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली.

धोंडू फाल्गुनात जन्मला. गुटगुटीत पोर, तांबड्या कुंचीत खुदुखुदु हसायचं. आषाढात त्याची छाती भरली. डॉक्टर ओढ्यापलीकडं, पोलादपुरात. तीन दिवस ओढ्यानं कुणाला पाय टाकू दिला नाही. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, पण पहाटेच धोंडू गेला होता.

"ओढ्यानं नेला गो त्याला, तू नाय," तिचा नवरा महिपती पुन्हा पुन्हा सांगायचा. बनुबाई ऐकून घ्यायची. तिला ठाऊक होतं. मागून आणायचं ते तिनं उचललं होतं, तेही सरकारचं, आणि वर सुईणीशी खोटं बोलली होती. श्रावण गेला, भादवा गेला. तिला अन्न गोड लागेना.

दिवाळीनंतर तिनं कुंचीचा टाका न् टाका उसवला, कापड धुतलं, घडी घातली आणि पोस्टात गेली.

"सायब, पेटीबरोबरची छत्री हाय ही. मी देली नव्हती. चूक झाली माजी."

पोस्टमास्तरांनी कापड उलटंपालटं केलं. माणूस भला होता. हसून म्हणाले, "अहो बाई, यासाठी एवढं चालत आलात? हे कापड कुणी परत मागत नाही. पेटी आणलीत तेव्हा एका शब्दानं मागितलं असतंत, तर तेव्हाच देऊन टाकलं असतं."

बनुबाईनं खिडकीचा गज धरला.

"मागलं असतं तर देलं असतंत?"

"हो तर! न्या परत. चांगलं मऊ आहे, लहान पोराला कुंची होईल."

तिनं खिडकीसमोर पदर पसरला आणि कापड मागून घेतलं.