खालच्या मजल्यावरचा समुद्र

समुद्र निर्माण करणं हे आजवर देवाचं काम मानलं गेलं आहे. आमच्या गल्लीत ते नानांनी केलं. त्या समुद्राची लांबी चार फूट, रुंदी दीड फूट, आणि त्याच्या एका किनाऱ्याला माईंचं शिवणयंत्र होतं. देवाला या कामी कुणाची परवानगी लागली नसावी. नानांना माईंची, म्हणजे बायकोची, लागली, आणि ती मिळेपर्यंत दिवाळीची संक्रांत झाली.

नाना माझे घरमालक. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि एका कॉलेजात इतिहास शिकवतो. नाना मूळचे करमाडचे. सगळी नोकरी त्यांनी शहरातल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून केली. म्हणजे वर्गात सर प्रयोग करून दाखवत, तेव्हा त्या परीक्षानळ्या ज्यांनी धुतलेल्या असत आणि ती द्रावणं ज्यांनी आदल्या दिवशी बनवून ठेवलेली असत, ते नाना. प्रयोग जमला तर सर हुशार ठरत. फसला तर नळी नीट धुतली नव्हती असं ठरे. नानांना त्याचं काही वाटत नसे. "आपलं काम तयारीचं. प्रयोग सरांचा," एवढंच ते म्हणत.

त्यांच्या निरोप समारंभाला मी गेलो होतो. प्रमुख पाहुण्यांनी त्यांना 'विज्ञानाचा दीपस्तंभ' म्हटलं आणि त्यांचं नाव दोनदा चुकवलं, दोन्ही वेळा निरनिराळं. शाल, श्रीफळ आणि एक जड सन्मानचिन्ह मिळालं. दीपस्तंभाला समुद्र लागतो, हे वक्त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ती उणीव पुढे नानांनी स्वतःच भरून काढली. शाल त्यांनी पश्चिमेच्या खिडकीला बांधली, कारण टाकीवर ऊन पडलं की पाण्यात शेवाळ धरतं. सन्मानचिन्ह टाकीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलं. "लई कामाच्या वस्तू दिल्या हो," असं ते मनापासून म्हणत.

टाकी जुनी होती. जालना रोडवरच्या एका दातांच्या डॉक्टरांनी पुण्याला जायचं ठरवलं आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी विकायला काढली. नाना तिथे दाढ काढायला गेले होते. दाढ दिवाळीत दिली, टाकी संक्रांतीला आणली. हिरवी झालेली काच, सहा-सात समुद्री दगड, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एक मासा आणि एका दगडाला चिकटलेला करडा गोळा, एवढा त्यातला ऐवज. तो गोळा प्रवाळ आहे आणि मेलेला आहे, असं डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. जुनं पाणी एकदम बदललं तर मासा तग धरत नाही, म्हणून पाणीही जारांत भरून आणलं. उतरवताना टेम्पोवाल्याने तहान लागली म्हणून एका जारातलं पाणी ओंजळीने तोंडात घेतलं आणि तसंच थुंकलं.

"चच्चा, ये पानी तो पूरा खराब हो गया. नमकीच नमक है!"

"उसीच के वास्ते तो तेरेकू बुलाया," नाना म्हणाले.

पुढे नवं पाणी करायला समुद्राचं मीठ हवं होतं. ते शोधत नाना आधी शहागंजला गेले. दुकानदाराने सैंधव पुढे केलं. "ये लेव, उपास को भी चलता."

"मासे को चलता क्या?"

"मासा उपास करता क्या?"

नाना हा प्रसंग सांगताना दर वेळी हसत. मीठ शेवटी मुंबईहून मागवलं. आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी सगळी गल्ली इतर कामं सोडून घरी थांबते. त्या पाण्यातलं काही पाणी नाना गाळून घेत, मग त्यात मीठ घालून दिवसभर ढवळत ठेवत. माई जिन्यात उभ्या राहून मला ऐकवत, "भाऊ, सारं गाव गोड्या पाण्यासाठी नळाकडं डोळे लावून बसतंय, आन् आमचं येडं आलेल्या पाण्यात मीठ कालवायलंय." पण गाळणीतून वाया जाणारं पाणी कोणत्या बादलीत धरायचं आणि खारं पाणी कोणत्या, हे नानांच्या आधी माईंना कळलं होतं.

नानांनी या सगळ्याची वही ठेवली होती, शाळेतल्या प्रयोगवहीसारखी. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, दक्षता. पहिल्या पानावर 'उद्देश: प्रवाळ जिवंत आहे किंवा कसे, हे पाहणे' असं होतं. त्याखाली 'प्रयोगकर्ता' या शब्दापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. आयुष्यभर त्या शब्दापुढे त्यांनी दुसऱ्यांची नावं पाहिली होती. हे नाव त्यांनी जरा जास्तच सुवाच्य अक्षरात काढलं होतं.

निरीक्षणाच्या रकान्यात मात्र चार महिने एकच वाक्य होतं: 'बदल आढळला नाही.' रोजची तारीख आणि खाली तेच वाक्य. मी एकदा न राहवून म्हणालो, "नाना, मेलंय ते."

"सर, मेलं आसं लिहायचं नसतं. बदल आढळला नाय, आसं लिहायचं. मेलं लिहिलं की मानूस बघायचं थांबतो."

मी इतिहासाचा माणूस. आमच्याकडे सगळे मेलेलेच असतात. त्यामुळे हे वाक्य मला तेव्हा नुसतं चमत्कारिक वाटलं.

एके दिवशी सकाळी चहा टाकत होतो, तेव्हा दार वाजलं. नाना होते. "सर, खाली या. चप्पल घालू नका, हादरा बसंल." खाली माई टाकीसमोर पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. करड्या गोळ्यावर मोहरीएवढं एक हिरवं तोंड उघडलं होतं, आणि त्याच्या कडेचे केसासारखे धागे पाण्यात हलत होते. नानांनी वहीत 'एक तोंड उघडले' असं लिहिलं आणि त्याखाली लाल शाईने रेघ ओढली. पुढच्या वर्षभरात तोंडं वीसच्या वर गेली. माई त्यांना फुलं म्हणत. एक कोळंबी आली, चार शंखगोगलगायी आल्या. खालच्या खोलीत आवाज न करता बोलायची आम्हा सगळ्यांना सवय लागली. देवळातही आम्ही इतके हळू बोलत नाही.

मग मासा आजारी पडला. त्याच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले आणि तो दगडांना अंग घासू लागला. नानांनी औषधाची बाटली मागवली, सूचना वाचल्या आणि ती न उघडता कपाटात ठेवली. ते औषध पाण्यात पडलं की फुलं मरतात. मासा वेगळा काढून औषध द्यायचं, तर तो दगडांच्या कपारीत शिरून बसे. त्याला पकडायला सगळे दगड उचलावे लागले असते. "वर्ष लागलं ती फुलं उघडायला," नाना म्हणाले. "आन् मासा तर माझ्या आधीपासून ह्यात राहतोय. कुणाला निवडू, सर?" ते दोन दिवस जेवले नाहीत, असं माई म्हणाल्या. मी एक दिवस धरतो. नाना दुसऱ्या दिवशी भाकरी खाताना मला दिसले होते.

त्याच दिवसांत त्यांची थोरली बहीण, आक्का, करमाडहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर राहायला आली. आई गेली तेव्हा नाना चार वर्षांचे होते आणि आक्का अकराची. त्या वर्षी आक्काची शाळा सुटली ती सुटलीच. नानांची सुटली नाही. साठी उलटलेल्या या माणसाला 'नान्या' म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. आक्का एका डोळ्यावर पट्टी बांधून टाकीसमोर बसून असत. पहिल्या दिवशी त्यांनी टाकीला हात जोडले.

"नान्या, समुद्र म्हन्तोस आन् ह्याला एक पैसा बी वाहिला नाय? गंगा वलांडताना आपन टाकतो का नाय? ही तर समद्या नद्यांची शेवटची जागा."

"आक्का, ह्यात काय बी टाकायचं नाय. हात बी स्वच्छ धुतल्याबिगर घालायचा नाय."

"बरं बाबा," आक्का म्हणाल्या, आणि आठवडा झाल्यावर करमाडला परत गेल्या.

पुढच्या काही दिवसांत माशाच्या अंगावरचे ठिपके कमी होऊ लागले. नाना खुशीत होते. मग कोळंबी मेली. मग गोगलगायी काचेवरून खाली पडल्या. फुलं एकेक करून मिटत गेली. नानांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या चाचण्या केल्या. मीठ बरोबर, उष्णता बरोबर. पाणी बदललं, पुन्हा बदललं. निरीक्षणाच्या रकान्यात 'पंधरा तोंडे', 'नऊ तोंडे', 'दोन तोंडे' असं उतरत गेलं. तीन आठवड्यांत गोळा पांढरा पडला. त्यानंतर कित्येक दिवस नानांनी 'बदल आढळला नाही' असं लिहिलं.

एका रविवारी त्यांनी मला मदतीला बोलावलं. आम्ही दगड एकेक करून बाहेर काढले. गोळ्याच्या दगडाखाली, वाळूत, एक पैसा होता. तांब्याचा, निजामाच्या काळातला, कडेने हिरवा पडलेला. नानांनी तो तळहातावर घेतला आणि देव्हाऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या आईने मागे दोन पैसे ठेवले होते. एक नानांच्या देव्हाऱ्यात होता, तो जागेवरच होता. दुसरा आक्काच्या चंचीत असे.

"तांबं," ते म्हणाले. "एवढंसं पुरतं. ज्याला कणा नाय, त्याला तांबं म्हंजे विष."

तेवढ्यात माई दारात आल्या. "काय घावलं?"

"वाळू उपसायलोय."

त्यांनी पैसा खिशात टाकला, हात पुसले आणि वही उघडली. अनुमानाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'दक्षता घेतली नाही. चूक प्रयोगकर्त्याची.'

"नाना, हे खोटं आहे," मी म्हणालो. त्यांच्या वहीत खोटं काही मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"व्हय," ते म्हणाले. "आक्काला वाचता येत नाय, सर. पन कुनीतरी वाचून दाखवंल."

त्यांना वाचता येत होतं आणि आक्काला येत नव्हतं, याचं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तांबं दगडांत मुरतं. त्या दगडांवर पुन्हा फूल धरणार नव्हतं, आणि नानांनी नवे दगड आणले नाहीत. पण मासा पूर्ण बरा झाला होता, म्हणून ते त्या एका माशासाठी दर आठवड्याला समुद्र बनवत राहिले. आक्का फोन करून विचारत, "मासा कसा हाय?"

"बरा झाला, आक्का."

"मी गेल्यावरच झाला ना?"

"व्हय आक्का. तू गेल्यावरच."

पुढच्या भेटीत आक्का, दोन्ही डोळ्यांनी पाहत, म्हणाल्या, "दगड बी कसे धुतल्यासारके पांढरे झालेत. आता शोभतंय." नाना म्हणाले, "व्हय." मी वर निघून गेलो.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. दुपारी शिवणयंत्राशेजारच्या खुर्चीत बसले होते, तसेच. शाळेने शोकसभा घेतली. तिथे त्यांना 'ज्ञानाचा सागर' म्हटलं गेलं, आणि या वेळी नाव बरोबर घेतलं. मीही दोन शब्द बोललो. मोठमोठ्या शब्दांची मी जन्मभर थट्टा केली आहे; पण त्या दिवशी मीही म्हणून गेलो की, नाना आयुष्यात दोनदाच खोटं बोलले आणि दोन्ही वेळा प्रेमापोटी. एक खोटं वहीतलं, दुसरं फोनवरचं: मासा आक्कामुळे बरा झाला, हे. पण तपशील मी सांगितला नाही. लोकांना तो आवडला असता, म्हणूनच सांगितला नाही.

तेराव्याला आक्का आल्या. माणसं पांगल्यावर टाकीसमोर बसल्या आणि मला जवळ बोलावलं. "सर, तुमाला म्हनून सांगते. ह्यो मासा आजारी व्हता तवा मी जाताना ह्यात आईचा पैसा वाहिला. नान्या झुरायलता, मला बघवंना. धुवून टाकला हां, चिंचंनं घासून. त्योच म्हनला व्हता ना, धुतल्याबिगर नाय. आन् मासा उठला का नाय?"

"उठला, आक्का."

"नान्याला सांगितलं नाय कदी. विज्ञानाचा मानूस. हसला आसता."

महिन्याभराने माईंनी कपाट आवरलं आणि वही, चाचणीच्या नळ्या आणि औषधाची ती बाटली माझ्या हवाली केली. पाणी आता मी बदलतो. बाटलीचं बूच फोडलेलं नाही. तिच्यासोबतचा सूचनांचा कागद मी पहिल्यांदाच वाचला. उपयोग: माशांच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांवर. घटक: तांबे.

म्हणजे नानांचं खोटं एकच, वहीतलं. बाटलीची मुदत संपली आहे. मासा चांगला आहे.