प्याद्यापुढे ठेवलेला वजीर

वडिलांशी मोबाइलवर बुद्धिबळ खेळताना मी माझा वजीर मुद्दाम त्यांच्या प्याद्यापुढे नेऊन ठेवला.

बोट घसरलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, की घाई झाली म्हणावं. नुकताच खेळ शिकलेलं पोरही ज्या घरावर वजीर ठेवणार नाही, ते घर मी नीट विचार करून निवडलं आणि मोठं पुण्य पदरात पडल्याच्या समाधानानं समोरच्या टपरीवरून चहा मागवला. आयुष्यात मी विचार करून फार थोड्या गोष्टी केल्या. त्यातली ही एक.

माझं उमरखेडला तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. वडील झरी जामणी तालुक्यातल्या आमच्या गावी असतात. जिल्हा एकच, पण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर एसटीत अख्खा दिवस जातो. हिवाळ्यात, कापसाची वेचणी चालू असताना, आई गेली. तिचं सगळं उरकलं, पाहुणे पांगले, आणि वडील घरात शिरले ते बाहेर यायचं नाव घेईनात. शेत चुलतभावाला बटईनं देऊन टाकलं. शेजारच्या काकू भाकरी आणून ठेवत. सकाळी बाजेवर बसलेला माणूस दिवेलागणीलाही तिथंच दिसतो, हे काकूंनीच मला सांगितलं होतं. मी त्यांना उमरखेडला घेऊन आलो, तर चौथ्या दिवशी पिशवी भरून दारात उभे. म्हणाले, तुह्या गावात मले कुत्रंही ओळखत नाही.

मग मला बुद्धिबळ सुचलं. आमच्या घरी लाल-हिरव्या लाकडी मोहऱ्यांचा जुना पट आहे. त्यातलं एक हिरवं प्यादं मी लहानपणी हरवलं, तेव्हा आईनं त्याच्या जागी चिंचोका ठेवून दिला, आणि तो चिंचोका पुढे कायमचा प्याद्याच्या नोकरीला लागला. आईला खेळ येत नव्हता. पण कोण जिंकतंय हे तिला चुलीपाशी बसून कळायचं. जिंकायला लागले की वडिलांचा डावा पाय हलायचा. मी हरायच्या बेतात असलो की ती हळूच म्हणायची, "पट कायले पाह्यतं? त्याहिचा पाय पाह्य." मी पटच पाहत राहायचो आणि हरायचो. वडिलांचा रोजचा जोडीदार म्हणजे गावचा म्हातारा कोतवाल. तो लेकीकडे वणीला राहायला गेला आणि पट फळीवर जाऊन पडला.

मी वडिलांना मोबाइल घेऊन दिला आणि त्यात बुद्धिबळाचं ॲप टाकलं. एका खेळीला तीन दिवसांची मुदत. आमच्या घरात नेटवर्क येत नाही. ते येतं गावाच्या टोकाला, लिंबाच्या पारावर. म्हणजे खेळी करायची तर घराबाहेर पडावंच लागणार, आणि पारावर गेलं की कुणी ना कुणी हाक मारणारच. नेटवर्क नसणं हीच माझ्या योजनेतली खरी खुबी होती. बायको म्हणाली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही डोकं वापरलं.

दुकानाचं शटर उघडायच्या आधी मी मोबाइल पाही. बाबांचा घोडा कुठं आला याच्याशी मला देणंघेणं नसे. घोडा हलला म्हणजे बाबा पारावर जाऊन आले, एवढंच मी त्यातून वाचत असे.

पण ॲपचे कायदे वेगळे. आमच्या गावच्या खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. ॲपवर त्यांचा राजा उडी मारेना. ते पारावरून फोन करून विचारत, मोबाइल बिघडला का? सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो बुर्जीचा. गावच्या खेळात समोरच्याचा शेवटचा मोहरा मारला आणि त्याचा राजा एकटा उरला, की बुर्जी होते. डाव बरोबरीत सुटतो. मात करायची तर समोरच्यापाशी राजासोबत निदान एक प्यादं तरी राहू द्यावं लागतं. एका डावात माझं तसं एकच प्यादं उरलं होतं. वडिलांनी ते मारलं नाही. मी ते सरकवत सरकवत शेवटच्या घरात नेलं, त्याचा वजीर केला आणि डाव मारला. ॲपला बुर्जी ठाऊक नाही, हे मी त्यांना फोनवर समजावून सांगितलं. ते म्हणाले, माणसाले असं उघडं पाडून मारू नाही, हे शिकवलं नाही का कोणी तुह्या मोबाइलले?

माझ्या खेळाबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. ॲप प्रत्येक डावानंतर तुमची कुंडली मांडतं. माझी अशी: सुरुवात उत्तम, हल्ला बरा, जिंकत आलेला डाव घाईनं घालवतो, समोरच्याच्या खेळीकडे लक्ष देत नाही. मी सुधारणेची योजनाही केली होती. रोज सकाळी कोडी सोडवायची, हरलेला डाव पुन्हा तपासायचा, दुकानात भराभर खेळायचे डाव बंद. ही योजना मोठ्या अक्षरात छापून झेरॉक्सच्या मशीनच्या झाकणाला आतून चिकटवली होती. त्याच आठवड्यात एका बाईच्या सातबाऱ्याऐवजी मी तिला ती योजनाच झेरॉक्स करून दिली. तलाठ्याकडून परत आल्यावर ती जे बोलली, त्यापुढे ॲपची कुंडली सौम्य म्हणायची.

वडील मात्र ओळीनं हरत होते, आणि त्यांच्या खेळ्या उशिरा यायला लागल्या. आधी रोज येणारी खेळी आता मुदत संपता संपता यायची. मी अर्थ लावला की म्हातारा हरून हरून खचला. आता हा पारावर जायचा थांबेल, मग बाजेवर बसेल, आणि मग... त्यापुढचा विचार मला करवला नाही. म्हणून मी वजीर ठेवला. मारा, जिंका, पण पारावर या.

वजीर तसाच उभा राहिला. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांना दिसला नसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, नेटवर्क गेलं असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी मुदत संपली, आणि ॲपनं चांदण्या उधळून मला कळवलं की तुम्ही जिंकलात. माझं रेटिंग वाढलं. वडिलांचा फोन लागत नव्हता. काकूंकडे निरोप ठेवावा तर त्यांच्या घरातही नेटवर्क नाही. माझ्या योजनेतली खुबी आता माझ्यावरच उलटली होती. बायकोनं माझी पिशवी भरली.

त्याच रात्री निघून महागाव, आर्णी, यवतमाळ करत दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याला पोचलो आणि तिथून ऑटोनं गाव गाठलं. सबंध रस्ताभर मी बाबांचा नंबर फिरवत होतो. आईच्या वेळी मी असाच निघालो होतो आणि उशिरा पोचलो होतो.

दार उघडं होतं. वडील बाजेवर बसले होते. दाढी वाढलेली. ताटातली भाकरी अर्धी तशीच. समोर पाटावर लाकडी पट मांडलेला, आणि त्यावर आमचा तोच डाव, घर न् घर तसाच. लाल वजीर हिरव्या प्याद्यापुढे उभा.

"कायले आला?"

मी म्हणालो, खेळी आली नाही म्हणून.

त्यांनी वजिराकडे बोट केलं. "हे काय हाय?"

"चुकलं, बाबा."

"चुकलं का ठेवला?"

खोटं बोलायला मला एरवी काही वाटत नाही, पण त्या घरात त्या वेळी जीभ उचलेना.

ते सावकाश बोलायला लागले. तीन दिवस देल्ले होते तं तीन दिवस घेतले, म्हणाले. तुझी खेळी पाहून घरी यायचं, पट मांडायचा आणि विचार करत बसायचं. नवे कायदे, म्हाताऱ्या माणसाले टाईम लागते. दिवस जात होता. एक पोरगा जीव लावून माह्यासंगं खेयून राह्यला, असं वाटत होतं.

"तुह्या मायच्या दहाव्याले आपण पिंड ठेवला अन् कावळ्याची वाट पाहत बसलो. तसा हा वजीर ठेवला तुनं माह्यापुढं," ते म्हणाले. "मी मेलो का बे?"

मी पाटापुढे मांडी घातली, मोहरे गोळा केले आणि नव्यानं मांडायला लागलो. चिंचोका हातात आला तेव्हा त्यांनी तो माझ्याकडून घेतला आणि आपल्या हातानं जागेवर ठेवला.

"मोबाइलच्या कायद्यानं का माह्या?"

"तुमच्या."

मी खेळलो. दया नाही, माया नाही, जेवढं येत होतं तेवढं सगळं पटावर ओतलं, कारण तेवढंच आता त्यांना देता येण्यासारखं होतं. सुरुवात माझी उत्तमच असते. त्यांचा एक घोडा घेतला, मग हत्ती घेतला. मी त्यांचा राजा कोपऱ्यात कोंडला, तर त्यांनी ठेवणीतली उडी मारून तो बाहेर काढला. मधे मी उठून चहा केला; साखरेचा डबा सापडेना, तर त्यांनी पटावरची नजर न काढता फळीकडे हात केला. ऊन भिंतीवरून वर चढलं. शेवटी त्यांच्यापाशी राजा आणि चिंचोका उरला, माझ्यापाशी हत्ती आणि दोन प्यादी. डाव माझा होता. ॲपच्या सवयीनं हात आपोआप पुढे गेला आणि मी हत्तीनं चिंचोका उचलला.

तो मुठीत धरून मी मान वर केली, आणि तेव्हा मला त्यांचा डावा पाय दिसला. हलत होता. किती वेळापासून हलत होता, देव जाणे.

"बुर्जी," ते म्हणाले.

मी पटाकडे पाहिलं, हातातल्या चिंचोक्याकडे पाहिलं, पुन्हा पटाकडे. ते वाकून माझं तोंड निरखत होते, तपासत होते की हाही ठेवलेलाच वजीर आहे का. पण तसलं तोंड ठरवून करता येत नाही. त्यांची खात्री पटली असावी, कारण त्यांच्या छातीतून घरघर आल्यासारखा काहीतरी आवाज यायला लागला. मी घाबरून उठणार, तोच कळलं की ते हसताहेत. संध्याकाळची भाकरी घेऊन आलेल्या काकू उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी ताट खाली ठेवलं नाही, आत आल्या नाहीत, तशाच उभ्या राहिल्या.

वडिलांनी माझ्या हातातून चिंचोका घेऊन सदऱ्याच्या खिशात टाकला. टोपी चढवली, मोबाइल घेतला आणि पायानं चपला शोधायला लागले. मी विचारलं, कुठं निघाले? म्हणाले, पारावर, नवा डाव मांडा लागन.

मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो. म्हणालो, बाबा, शपथ घेतो, आता मुद्दाम हरणार नाही.

ते पायरी उतरले होते. मागे न पाहताच म्हणाले, "तुले मुद्दाम हाराची गरजच काय हाय बे? जीव तोडून खेयला तरी तुह्यानं जीतनं होत नाही."